मांजराला विटाळ नाही

काकांना हात लावायचा नाही, हे मला खोली बघायला गेलो त्याच दिवशी कळलं. कळलं म्हणजे त्यांनीच सांगितलं, आणि इतकं सरळ सांगितलं की वाईट वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही. मी वाकून नमस्कार करायला गेलो, तसे ते मागे सरकले आणि म्हणाले, "नमस्कार पोचला. तो लांबूनही पोचतो. मी सोवळ्यात आहे." नेसूचा ओला पंचा, खांद्यावर उपरणं, सत्तरी ओलांडलेलं काटकुळं अंग. आणि त्यांच्या पोटरीला आरामात पाठ घासत उभी असलेली एक कबरी मांजर. तिला ते काही बोलले नाहीत.

मी तेव्हा मिरजगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. ढोरांच्या डॉक्टरला भाड्याने खोली द्यायला लोक का-कू करतात. अंगाला गोठ्याचा वास येतो, अवेळी कुणी म्हैस अडली म्हणून दार वाजवतं, आणि त्यातून माणूस एकटा. आमच्या दवाखान्यातल्या शिपायाने सुचवलं, की बाजारतळाच्या मागे एक गुरुजी राहतात, त्यांची मागची खोली रिकामी आहे, पण तिथं कुणी टिकत नाही. का टिकत नाही म्हटल्यावर तो नुसता हसला. साऱ्या गावाला ते गुरुजी होते, कारण निवृत्तीनंतर सत्यनारायण, वास्तुशांत असली कामं करायचे. मी आपला काका म्हणायला लागलो. त्यांनी ते चालवून घेतलं.

खरं सांगतो, सुरुवातीला मला राग होता. आमचं गाव जामखेडच्याही पलीकडे. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला प्रवरेच्या पट्ट्यात जायचे, मी कोल्हारच्या आसपासच्या फडांवर पाचटाच्या कोपीत वाढलो. आपण पुढे गेलो की माणूस मागे का सरकतो, हे आमच्यासारख्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मी मनात म्हटलं, हे सोवळं आपल्याचसाठी दिसतंय. पुढं एका रविवारी त्यांचा मुलगा पुण्याहून आला. तोही अंगणातच थांबला, बॅग बाहेर ठेवली, नळाखाली आंघोळ केली आणि ओल्या अंगानेच आत गेला. बापाच्या पायांपासून वीतभर अलीकडे जमिनीला हात लावून त्याने नमस्कार केला. ते पाहून माझा राग बराच कमी झाला, पुरता मात्र गेला नाही. आईचा तर शेवटपर्यंत गेला नाही. ती फोनवर एकच विचारायची, की त्या घरात तुला पाणी तरी हातात देतात का वरून ओततात.

वरूनच ओतत. पण सगळ्यांनाच.

काकांचं घर साधंच होतं, पत्र्याचं, पुढे सिमेंटचा ओटा. आत डोक्याच्या बरंच वर एक बांबू आडवा टांगलेला, त्यावर सोवळ्याचे पंचे वाळत. ते घालायचे-काढायचे काठीने, हाताने नाही, कारण ओवळ्या हाताने शिवलं की सारं मुसळ केरात. बटणांचा मोबाईल होता. पूजेच्या वेळी तो वाजला तर पळीच्या दांड्याने हिरवं बटण दाबायचे आणि लांबूनच ओरडून बोलायचे, त्यामुळे त्यांच्या घरातल्या सगळ्या खासगी गोष्टी बाजारतळाला ठाऊक होत्या. रस्त्यातून चालायचे ते ऐन मधोमध. टेम्पोवाले हॉर्न वाजवून दमायचे. काका म्हणायचे, कडेने माणसं चालतात, त्यांचा धक्का लागतो, टेम्पो निदान थांबतो तरी.

नोकरीत ते कर्जतच्या कचेरीत कारकून होते. मी एकदा डिवचलं, की तिथं शंभर जणांच्या हातून आलेले कागद रोज हाताळत होतात, तेव्हा विटाळ कुठे गेला होता? त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "कचेरीत विटाळ नसतो. तिथं सरकार असतं."

मांजरीला नाव नव्हतं. नाव ठेवलं की हाक मारावी लागते, आणि हाक मारून ती आली नाही की चारचौघांत अपमान होतो, असं त्यांचं म्हणणं. ते तिला "बाई" म्हणायचे, तेही अहो-जाहो करून. "बसा बाई." "आज उशीर केलात." मी बारा गावची जनावरं पाहिली, पण मांजराशी असं अदबीने बोलणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

या बाई रोज संध्याकाळी, काकांची संध्या उरकली की ओट्यावर चढायच्या, त्यांच्या मांडीवर पुढचे दोन पाय टेकायच्या आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जागा चाटायला लागायच्या. तीच जागा, दुसरीकडे कुठे नाही. मांजराची जीभ म्हणजे पॉलिश पेपरच, शांत वेळी तिचा खरखर आवाज मला माझ्या दारातून ऐकू यायचा. काका हात हलवायचे नाहीत. मान जरा एका बाजूला कललेली आणि नजर बाजारतळावरच्या बाभळीकडे. त्या वेळी त्यांना कुणी काही विचारलं तर ते उत्तर द्यायचे नाहीत, म्हणून गावातले लोक काम असलं तर मांजर उठेपर्यंत उभे राहायचे.

पहिल्यांदा त्यांनी आपणहून माझ्याशी गप्पा मारल्या, त्या याच विषयावर. "डॉक्टर, तुमच्या शास्त्रात काय आहे? मांजर माणसाला का चाटतं?"

मी नवा डॉक्टर, मला कोण आनंद झाला. मी सांगितलं, की मांजरी पिलांना चाटूनच स्वच्छ करते, त्यामुळे जे आपलं वाटतं त्याला ती चाटते. घामात मीठ असतं, त्याची चव लागते. आपला वास त्या माणसाला लावून ठेवते, म्हणजे हा आमचा, अशी खूण. कधी कधी ती घाबरलेली असली तर तेवढ्यासाठीही चाटते. काकांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कारणं पुष्कळ आहेत, खात्रीचं एकही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर वाटीत खडेमीठ मांडून ठेवलं होतं. बाई आल्या, वाटी हुंगली, शिंकल्या, आणि वाटीला वळसा घालून काकांच्या हातापाशी जाऊन बसल्या. काकांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात सगळ्या पशुवैद्यक शास्त्राचा पराभव होता. पुढे कितीतरी दिवस कुणी भेटलं की ते सांगायचे, मीठ नाही बरं का, मीठ नाही.

चाटून घेणं बरं की वाईट, यावर मात्र आमचं जमलं नाही. काकांना साखरेचा आजार होता. थंड पाण्याच्या आंघोळींनी आणि शिकेकाईने हातांना भेगा पडलेल्या. साबण ते वापरत नसत, कारण साबणात चरबी असते. आंघोळी भरपूर, पण साबण आयुष्यात नाही. मी सांगितलं, की धडधाकट कातडीवर मांजर चाटलं तर सहसा काही होत नाही, नंतर साबणाने हात धुतला म्हणजे झालं. पण जखम, भेग, डोळा, ओठ यांना तिची जीभ लागू देऊ नये. मांजराच्या तोंडात जंतू असतात, आणि साखर असलेल्या माणसाला ते फार महागात पडतात.

"मांजराला विटाळ नाही," काका म्हणाले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मांजर चुलीपाशी गेलेलं चालतं, देवघरात गेलेलं चालतं. कुत्रं शिवलं तर आंघोळ, मांजर शिवलं तर काही नाही. ते सदा सोवळ्यातच असतं.

"विटाळ नसेल काका, जंतू आहेत."

"जंतू दिसतात कुठे?"

"विटाळ तरी कुठं दिसतो?"

मला वाटलं, खोली सोडावी लागणार. पण ते हसले, दात नसल्यामुळे त्यांचं हसणं नुसतं गालांनी व्हायचं, आणि म्हणाले, "हे बरोबर बोललात." बाईंना हात मात्र तसाच दिलेला होता.

आता मी जामखेडला असतो. हल्ली तालुक्याच्या गावीही लोक मांजरं पाळायला लागलेत, पिशवीत घालून दवाखान्यात आणतात. परवा एक कॉलेजची मुलगी आली होती. तिचं मांजर तिचा हात चाटतं, मोबाईलवर काहीबाही वाचून ती धास्तावली होती. मी तिला हेच सगळं सांगितलं, पिलांचं, मिठाचं, वासाचं, साबणाचं. तिचं समाधान झालं आणि ती गेली. मी मात्र टेबलाशी उगीच थांबलो. सगळी कारणं सांगून झाल्यावर, खात्रीचं एकही नाही, असं म्हणणारं माणूस मला हवं होतं. मी इकडे आल्यावर काका पुण्याला मुलाकडे गेले आणि तिथंच वारले. मी तेव्हा लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर होतो, निरोप मिळाला तोवर सगळं होऊन गेलं होतं. त्यांची आठवण मला कशानेही येते, ओल्या पंच्याने, शिकेकाईच्या वासाने, रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याने. आणि आली की दिवसभर जात नाही.

मिरजगावात शेजारच्या ताराबाई काकांना दूध घालायच्या. दूध सोवळ्यात चालतं, आणणारी बाई चालत नाही, म्हणून त्या चरवीतून वरून धार धरायच्या आणि काका खाली बसून पातेलं धरायचे. एकदा मांजर तेवढ्यात काकांच्या मांडीवर चढली, तेव्हा ताराबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आमी शिवलं की गुरुजींना आंगूळ, आन मांजर मांडीवर बसली तरी चालतंय. पुढच्या जल्माला मांजरच व्हते मी." काकांनी न ऐकल्यासारखं केलं.

पण याच ताराबाईंनी मला एकदा निराळंच सांगितलं. काकू होत्या तोवर गुरुजी इतके कडक नव्हते. सणावाराला सोवळं पाळायचे, एरवी चारचौघांसारखे. पोरांना खांद्यावर घेऊन बाजार दाखवायचे. "काकू गेल्या आन यांनी सवताला कुंपनच घातलं बगा. कुनीच शिवू नये म्हंत्यात. मांजर तेवढं राह्यलं, ते काकूंचंच हुतं."

त्या दिवसापासून मी काकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आमच्या कोपीत आम्ही सगळे एका वाकळेत झोपायचो. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, आईचा हात झोपेतही माझ्या डोक्यात. लहानपणी मला त्या गर्दीचा कंटाळा यायचा, आपली स्वतंत्र खोली असावी असं वाटायचं. मिरजगावात ती मिळाली, आणि संध्याकाळी दवाखाना बंद करून आलो की ती नुसती अंगावर यायची. दिवसभर मी गाईम्हशींच्या अंगावरून हात फिरवायचो, पण माझ्या अंगावर हात ठेवणारं तिथं कुणी नव्हतं. समोर ओट्यावर काका बसलेले असायचे, हाताची तेवढीशी जागा मांजरीसमोर धरून. मला त्या मांजरीचा हेवा वाटायचा की काकांचा, हे मला अजून सांगता येत नाही.

मग नवरात्र आलं. काकांचं नऊ दिवस कडक अनुष्ठान, स्वतःच्या हाताने स्वयंपाक, एकवेळ जेवण. मी बरेच दिवस लम्पी रोगाच्या लसीकरणासाठी बाहेर होतो, खोलीवर नुसता येऊन-जाऊन. त्या दरम्यान विळीवर लाल भोपळा चिरताना त्यांच्या उजव्या अंगठ्याशी खोल कापलं. ताराबाईंनी कापूस आणि पट्टी देऊ केली. पण दुकानातला कापूस ओवळा, पट्टी ओवळी, आणि अनुष्ठान मोडायचं नाही. काकांनी जखमेवर हळद दाबली आणि हात उघडाच ठेवला. संध्याकाळी बाई आल्या आणि नेहमीच्या जागी चाटू लागल्या. ती जागा म्हणजे आता जखम होती. काकांच्या हिशेबाने यात काहीच चुकीचं नव्हतं. ज्या जखमेला दुनियेतलं दुसरं काही शिवलेलं चालत नव्हतं, तिला शिवायला शुद्ध अशी एक मांजरच होती.

मी फिरतीवरून परतलो तेव्हा ताराबाई फाटकातच उभ्या होत्या. "डाक्टर, गुरुजींचा हात बगा आधी. उपरन्याखाली लपवत्यात."

हात मनगटाच्या वर सुजला होता, लाल तकतकीत. अंगात ताप. काका भिंतीला टेकून बसले होते, मांजर त्यांच्या पायाशी. मी म्हटलं, नगरला जायला हवं, आत्ताच. ते उठायला गेले आणि तोल जाऊन खाली बसले. मी पुढे झालो आणि थांबलो. सवय इतकी झाली होती, की तशा वेळीही मी विचारलं, "काका, हात लावू?"

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मी त्यांना उचललं. नुसत्या पंच्यात गुंडाळलेलं ते अंग फारच हलकं होतं. आजारी वासराला उचलताना याहून जास्त जोर लागतो. दवाखान्याच्या जीपमध्ये वाटभर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

नगरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. अंगठा जातो की राहतो अशी परिस्थिती होती, पण राहिला. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं, साखर आहे, हातांना भेगा आहेत, मांजराला हात चाटू देणं बंद, कायमचं. मुलगा स्वभावाने चांगला होता, पण घाबरला होता. त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, एकतर बाबांना पुण्याला नेतो, नाहीतर तुम्ही ती मांजर लांब कुठेतरी सोडून द्या. तुमची फिरती असते, तुम्हाला सोपं आहे. आम्ही हळू बोलत होतो, पण काका जागे होते.

"बाईंना कुठे पाठवू नका," ते पलंगावरून म्हणाले. "मी त्यांना हात देणार नाही. शब्द देतो."

मुलाने शब्दावर भरवसा ठेवला आणि तो पुण्याला गेला. आणि काकांनी शब्द पाळला. ते बघवत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर ते दोन्ही हात उपरण्याखाली घेऊन बसायचे. बाई यायच्या, मांडीवर पाय टेकायच्या, उपरण्यात नाक खुपसायच्या, डोक्याने ढुशी द्यायच्या. काका बाभळीकडे बघत राहायचे. मग ती उपरण्याचा काठच चाटायला लागायची. थोड्या वेळाने तिथंच अंगाचं वेटोळं करून झोपायची. मांडी तिला मिळत होती, त्यात धोका काही नव्हता, पण जे हवं होतं ते दोघांनाही मिळत नव्हतं. मांजराला समजावता येत नाही आणि काकांना समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, कारण मीच सगळ्यांत आधी नको म्हणालो होतो.

जखमेची पट्टी रोज बदलायची होती. ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी सामान घेऊन उंबऱ्याशी गेलो, तर काका नुकते आंघोळ करून उभे, हातावरच्या पट्टीतून पाणी गळतंय. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ करा, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यावर त्यांचा सवाल, मग त्या हाताची आंघोळ झाली कुठे?

"हे बघा डॉक्टर," ते म्हणाले. "आंघोळ केली की पट्टी भिजते. भिजली की बदलायला तुम्ही शिवणार. तुम्ही शिवलात की मला परत आंघोळ. आंघोळ केली की पट्टी परत भिजणार. ही फाईल निकाली निघायची नाही."

मी म्हटलं, मग काही दिवस सोवळं बाजूला ठेवा. ते बाजूला ठेवण्यासारखं असतं तर काकूंच्या माघारी काका एवढी वर्षं जगलेच नसते, हे मला बोलताबोलताच जाणवलं. पायरीवर मांजर बसली होती, पंजा चाटत. काका तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, कचेरीत अडलेल्या प्रकरणावर नियम शोधत असावेत तसे. मग उंबऱ्यातून बाजूला झाले.

"मांजराला विटाळ नाही," ते म्हणाले. "तू आजपासून मांजर. ये आत."

इतके दिवस मी त्यांचा अहो डॉक्टर होतो. त्या सकाळी एकदम तू झालो, मांजर झालो आणि घरात गेलो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, माझ्या लेकराला मांजर म्हनला का म्हणाली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, "हात लई दुखतोय का रं त्यांचा?"

मी रोज सकाळी आत जाऊन पाटावर बसायचो. काका समोर हात धरायचे. आंघोळीने गार पडलेला, चंदनाचा आणि शिकेकाईचा वास येणारा, भेगाळलेला हात. मी जखम धुवायचो, पुसायचो, औषध लावायचो. खुरांना पट्ट्या बांधण्यात माझा हात तयार होता, हे काम खरं तर झटक्यात उरकलं असतं. पण मी सावकाश करायचो. काका मान जरा कलती ठेवून दाराबाहेर बघत बसायचे.

अशाच एका सकाळी ते आपणहून बोलले. काकू होत्या तेव्हा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून काकांच्या तळहातांना खोबरेल चोळायच्या. कचेरीतल्या कागदांनी हात कोरडे पडतात, म्हणून. चोळून झालं की अंगठ्यापाशी थोडं तेल साचलेलं राहायचं आणि मांजराचं हे एवढंसं पिल्लू येऊन ते चाटायचं. काकू हसायच्या.

"ती गेली. तेल बंद झालं," काका म्हणाले. "पण बाई यायच्या थांबल्या नाहीत. तेल नसलं तरी त्याच जागी."

मी विचारलं, की म्हणजे मांजर का चाटते हे तुम्हाला ठाऊकच होतं, मग मला कशाला विचारलंत?

"तुला काही वेगळं माहीत असेल, असं वाटलं."

मी म्हटलं, हाताला थोडं खोबरेल लावू का, भेगांना बरं पडेल. त्यांनी मान हलवली. "नको. ते राहू दे. तू आपली पट्टी बांध."

जखम हळूहळू भरली. एका सकाळी मी पट्टी सोडली, आतली कातडी गुलाबी आणि कोरडी होती. मी म्हटलं, झालं काका, आता पट्टीची गरज नाही. त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला, बरं म्हणाले, आणि पूजेला बसले. मी सामान गोळा करून खोलीत आलो, आणि मला अगदी रिकामं रिकामं वाटायला लागलं. वाटलं, आता आपण परत डॉक्टर, परत अंगणात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आतून हाक मारली. मी उंबऱ्याशी जाऊन थांबलो. ते पाटावर बसले होते, समोर दुसरा पाट मांडलेला, हात पुढे धरलेला.

"आज पट्टी नाही, काका."

"बघून तर घे."

मी आत गेलो, बसलो, त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि बघितला. अंगठा, वण, भेगा. बघण्यासारखं काही नव्हतं. बरा आहे, म्हणालो. ते बरं म्हणाले आणि पूजेला लागले. मग हे रोजचंच झालं. दिवाळी गेली, थंडी गेली, उन्हं तापायला लागली, वणसुद्धा पुसट झाला, पण आंघोळ झाली की हाक यायची आणि मी जाऊन हात बघून यायचो. मला दवाखान्यात पोचायला उशीर व्हायचा. लोक विचारायचे, गुरुजींच्या हाताला अजून काय झालंय? मी सांगायचो, साखर आहे, लक्ष ठेवावं लागतं.

माझी बदली जामखेडला झाली, घराजवळ, मीच मागितलेली. सांगितलं तेव्हा काका म्हणाले, छान झालं, आईपाशी जाशील. सामान फार नव्हतंच. निघायच्या सकाळी दारात टेम्पो उभा, खाट आणि पेट्या चढवून झालेल्या, ड्रायव्हर घाई करत होता. मी निरोप घ्यायला गेलो. काका आंघोळ करून उंबऱ्यात उभे होते, पंच्यातून पाणी ठिपकत होतं. मी सवयीने लांबूनच वाकलो, तर त्यांनी हात पुढे केला.

मी तो दोन्ही हातांत घेतला. त्या दिवशी मी तो जितका नीट बघितला तितका जखम ओली असतानाही बघितला नव्हता. एकेक बोट, एकेक भेग, अंगठ्यापाशी आता जेमतेम दिसणारी ती रेघ. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"कसा आहे?" काकांनी विचारलं.

"चांगला आहे, काका. पूर्ण बरा झालाय."

त्यांनी हात काढून घेतला नाही. माझ्याकडे न बघता, दाराबाहेर कुठेतरी बघत ते म्हणाले, "अजून थोडे दिवस बघावा लागेल."

मिरजगावात मी सगळ्यांशी शहरी बोलायचो, काकांशी तर फारच जपून. त्या वेळी मात्र माझ्या तोंडून आमच्या घरचंच बोलणं आलं.

"व्हय काका," मी म्हणालो. "बगावा लागंल."